खंदकातला डबा

दुपारी जेवून कालिंदी दिघे सोफ्यावर आडवी होते ती रागातच. नवरा जाऊन तीन आठवडे झाले, तरी राग काही जायचं नाव घेत नाही. समोर उद्याच्या विमानाची बॅग भरून तयार, आणि तिच्यावर दिनकररावांच्या अस्थींचा कलश. नाशिकला नेऊन गोदावरीत सोडायच्या, तिनं ठरवून टाकलंय. त्यांनी सांगून ठेवलं होतं वेगळंच. म्हणे, इथल्या, इंग्लंडातल्या या गावच्या किल्ल्याच्या खंदकात टाक. विदरकोमचा तो इंग्रजी किल्ला! निवृत्तीनंतर दर रविवारी तिथं लोकांना फुकटात इतिहास सांगत फिरायचे. छातीत दुखतंय, आज जाऊ नका, म्हणून ती कळवळून सांगत असताना गेले. भांडणात डबाही घेतला नाही. आणि तिथल्याच जिन्यात कोसळले. तो दशम्यांचा डबा ओट्यावर अजून तसाच आहे. तिला उघडवत नाही.

डोळा लागतोय न लागतोय तोच कुणीतरी दार बडवतं. बडवणारी तीच आहे. एका हातात डबा. स्वयंपाकघराचं दार उंचच उंच झालंय, त्याला लोखंडी खिळे आलेत, आणि पायाखाली फरशी नाही, चिखल आहे. वर तटावर दिनकरराव उभे. स्वेटर तोच, कोपरावर तिनं रफू केलेला.

"दार उघडा!"

"हुकूम नाही," ते रविवारच्या आवाजात सांगू लागतात. "राजाच्या फौजेचा वेढा पडला. आतलं धान्य सरत आलं. मग किल्लेदारानं आसऱ्याला आलेले गावकरी बाहेर काढले. बायका, पोरं, म्हातारे. फौजेनं त्यांना पुढं जाऊ दिलं नाही. ते मधल्या खंदकात अडकले, गवत खाऊन..."

"मला इतिहास नका सांगू!" तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "त्यानं दार लावून घेतलं, तुम्हीही तेच केलंत. तुम्ही आत, मी बाहेर. या परक्या गावात! जन्मभर तुमच्या मागून फिरले, आणि तुम्हाला एक रविवार घरी थांबवेना? आता मेल्यावरही किल्लाच हवा?"

तट रिकामा. भांडण ऐन रंगात आलं की उठून जायची खोड मेल्यावरही सुटलेली नाही.

"किल्ला कुठं मागितला मी? खंदक म्हटलं होतं."

ते तिच्या शेजारीच बसलेत, चिखलात. आता ही जागा दवाखान्यातल्या बाकांसारखी दिसते. त्या रविवारी त्यांनी जिथं येऊन बसायला हवं होतं, तिथं गुडघे पोटाशी घेतलेल्या बायका ओळीनं बसल्यात.

"यांची नावंसुद्धा कुठं नाहीत," दिनकरराव म्हणतात. "लोकांना तलवारी आणि तुरुंग बघायचा असतो. इथं आले की घड्याळं बघतात. मी डबा इथंच बसून खायचो, कालिंदी. यांना सोडून वर जेवायला जाववायचं नाही."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी आली नाहीस."

"तुम्ही कधी 'चल' म्हणालात?"

ते खाली बघतात. "नाही म्हणालो. चुकलंच माझं."

हे ऐकायला ती तीन आठवडे तडफडत होती. पण ऐकल्यावर रडू येतं, आणि रडू आलं म्हणून ती आणखीच चिडते. तेवढ्यात कुणीतरी डबा ओढतं. एक लहान मुलगी आहे, गालफडं बसलेली. कालिंदी डबा छातीशी घट्ट धरते.

"हा यांचा आहे!"

"दे गं तिला," दिनकरराव म्हणतात. "मी आता जेवत नाही."

तिची बोटं सैल होतात.

खिडकीत इंग्लंडातला तोच मळकट उजेड. कालिंदी सोफ्यावर उठून बसते. डबा मांडीवर आहे, उघडा, आत एक कणही नाही. झाकणावर ओल्या चिखलाची बोटं उमटलीत, इवलीइवलीशी.

ती एका ठशावर आपलं बोट टेकवून बघते.

"एवढ्याशानं काय होणार होतं हो त्यांचं?" ती कलशावर डाफरते. "आधी सांगितलं असतंत तर जास्तीच्या नसत्या केल्या?"

मग ती बॅगेवरचा कलश उचलून ओट्यावर ठेवते, पिठाचा डबा परातीत अख्खा उपडा करते आणि दूध ओतून मळायला घेते. विमान गेलं तर गेलं. खंदकात जायचं, तर रिकाम्या हातानं कसं जायचं?