विंचचा दोर आणि कापसाचा बोळा

आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, आणि त्याचा मला गर्वही होता. म्हणून मी ज्याच्याकडे कामाला होतो त्या ठेकेदाराने जीपच्या विंचसाठी, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढायच्या यंत्रासाठी, तारेचा दोर निवडायला मलाच वाडी गावातल्या गोदामात पाठवलं. सोबत मिस्त्री होते. दुसऱ्या दिवशी नरखेडकडच्या एका विहिरीतून पंपाचं इंजिन वर ओढायचं होतं, आणि ते बांधायला खाली मिस्त्रीच उतरणार होते.

मी पट्टीने जाडी मोजली आणि ग्रीसने चकाकणारं एक वेटोळं निवडलं.

"जाडी मोजून काय होते, बीएस्सी साहेब? इंजिनाखाली मले उभं राहायचं आहे, तुमच्या पट्टीले नाही."

मिस्त्रींनी चिंधीने ग्रीस पुसलं आणि खिशातला कापसाचा बोळा दोरावरून हळूहळू सरकवला. दहाएक हातांवर बोळा अडकला. तुटलेल्या बारीक तारांना कापूस लोंबत राहिला. दोर वापरलेलाच होता.

माझे कान तापले. दुसरं वेटोळं मी स्वतः तपासलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोळा कुठेच अडकला नाही.

"मग, उतरू ना मी उद्या?" मिस्त्रींनी विचारलं.

मी बोळा पुन्हा पहिल्या टोकाला नेला.