नागाच्या पेटीतली लेकुरवाळी

आधीच सांगून टाकतो, असले चमत्कारिक अनुभव सांगणाऱ्याला तोंडावर 'थापाड्या' म्हणणारा माणूस मी. जन्म गेला सांगलीच्या जकात नाक्यावर. ड्रायव्हर म्हणायचा, "सायेब, भुसा हाय नुसता." मी पोत्यात सळई खुपसायचो आणि भुशाखाली सुपारी निघायची! त्यामुळे माझा देवावर जेवढा विश्वास, त्याहून जास्त सळईवर. या पानावर लोकांनी लिहिलेलं वाचून मी हसलोय, खोटं कशाला बोलू? आज माझंच लिहितोय. हसायचं तर खुशाल हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. खणभागात आमचं भाड्याचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. घरात माणसं तीन. मी, माझी बायको शालन आणि धाकटा भाऊ विलास. विलास हळदीच्या गोदामात कामाला होता, पण त्याचा जीव सगळा सापात. आमचं आजोळ जिवंत नाग पुजणाऱ्या शिराळ्याकडचं, तिथनंच हे खूळ त्यानं आणलेलं. कुणाच्या परड्यात साप निघाला की लोक सायकल दामटत आमच्या दारात यायचे. बहुतेक साप तो नदीकडच्या मळ्यात सोडून द्यायचा. तीन मात्र घरी ठेवले होते, शाळाशाळांतून पोरांना दाखवायला. दोन धामणी आणि एक नाग. हे कायद्यात बसत नव्हतं, हे आता कळतंय. तेव्हा कोण विचारत होतं?

आता सापाला खायला काय? सुरुवातीला गोदामातले उंदीर आणायचा. त्यातला एक औषध खाल्लेला निघाला आणि तो खाऊन आधीची एक चांगली लांबलचक धामण मेली, तिच्या जागी त्यानं दुसरी ठेवली. दोन दिवस पठ्ठ्या जेवला नाही. मग एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली आणि वरच्या खोलीत त्यांची पैदास सुरू केली. चहाची लाकडी खोकी, वर बारीक जाळी, खाली वखारीतला भुसा. खायला बाजरी, भिजवलेले हरभरे आणि पावाचे तुकडे. वास असा यायचा की पाहुणा चहा अर्धा टाकून उठायचा.

विलासची एक पद्धत होती. पिलं देणाऱ्या माद्यांच्या शेपटीला तो जखमेवर लावायचं जांभळं औषध लावायचा. जांभळी शेपटी सापाला द्यायची नाही, हा घरातला कायदा. व्यायला झालेली मादी वेगळ्या खोक्यात जायची. त्या खोक्याला शालन 'बाळंतिणीची खोली' म्हणायची. विलास दिवसभर कामावर, म्हणून दाणापाणी तीच बघायची. आधी नाक मुरडलं, मग एवढी रमली की बाळंतिणीला गूळ-शेंगदाणे काय, पावाला तूप काय! आम्हाला लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. ती बोलायची नाही. मीही कधी विषय काढला नाही.

आषाढात पहिल्यांदा घडलं. बाळंतिणीच्या खोक्यातली मादी गायब. पिलं चार दिवसांची, लाल, डोळे मिटलेली, भुशात वळवळत होती. आणि नागाच्या पोटात फुगवटा. नागाला खायला द्यायचा वार रविवार आणि हा बुधवार! नागाच्या पेटीला पुढून काच, वरून फळीचं झाकण, झाकणाला कुलूप. एक किल्ली विलासच्या करदोट्याला, दुसरी स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्यात.

विलासनं विचारलं, "वैनी, चुकून तुमच्याकडनं तर न्हाई ना पडली?"

"आवं भावजी, त्या पेटीकडं पाठ करून दाणा टाकते मी. झाकण उघडायचं काळीज हाय व्हय माझं?"

पिलांना तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजलं. दोन दिवसांत सगळी गेली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा लेकुरवाळी, पुन्हा नागाच्या पोटात. कुलूप जिथल्या तिथं. आता माझं डोकं नाक्यावरच्यासारखं चालायला लागलं. किल्ल्या दोन. विलास दिवसभर गोदामात, मी नाक्यावर. घरात कोण? ...शालन. हा हिशेब मी मनातल्या मनात केला होता, हे आज कबूल करतो.

विलासनं मात्र जेवताना तोंडावर केला. "वैनी, तुमची कूस उजवली न्हाई, त्यात त्या मुक्या जिवाचा काय दोष? लेकुरवाळी बघवत न्हाई व्हय तुमाला?"

शालनच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं विलासकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या मुस्काटात द्यायला हवी होती. निदान "गप रं" एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो. लाज वाटते लिहिताना.

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून विलासशी बोलणं बंद. तो इस्लामपूरला खोली बघायला लागला. दोन भावांचं घर मोडतंय, तेही उंदरांवरून! म्हटलं, याचा छडा लावायचाच.

आमच्या नाक्यावर शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या ट्रकना सील मारायची पद्धत होती. कडीतून तार ओवायची, तारेला शिशाची गोळी लावायची आणि ती पक्कडीनं दाबायची, की गोळीवर नाक्याचा छाप उठतो. तार तोडल्याशिवाय कडी उघडत नाही आणि तुटलेली तार लपत नाही. ती पक्कड मी साहेबांची नजर चुकवून पिशवीतून घरी आणली. नागपंचमीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. त्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात. शालनला सख्खा भाऊ नाही, म्हणून ती दरवर्षी विलाससाठी धरायची. एवढं ऐकून घेऊनही त्या वर्षी तिनं धरला होता.

बाळंतिणीच्या खोक्यात एकच मादी होती, सात पिलांची आई. दोघांना वर बोलावून ती दाखवली. त्या खोक्याला सील. नागाच्या पेटीला कुलूप आणि वर सील. दोन्ही धामणींच्या पेट्यांना सील. खिडकीला जाळी होतीच. खोलीच्या दाराला कुलूप घातलं आणि सगळ्या किल्ल्या माझ्या बंडीच्या खिशात.

जिना उतरताना शालन म्हणाली, "ह्ये कुणासाठी चाललंय?"

"उंदरांसाठी," मी म्हणालो.

"व्हय, कळलं मला," ती म्हणाली.

सकाळी आठला, आंघोळी करून, तिघंही वर गेलो. स्वच्छ उजेड होता. दार मी उघडलं. आधी सीलं बघितली. एकूण एक शाबूत. गोळीवरचा छापसुद्धा माझ्याच हातचा, किंचित तिरका. मग विलास ओरडला.

नागाच्या पेटीत काचेशी ती बसली होती. जांभळी शेपटी, जिवंत, पुढच्या पायांनी तोंड पुसत. नाग दुसऱ्या कोपऱ्यात वेटोळं घालून, मान खाली. इकडे खोक्यात सात पिलं तेवढी वळवळत होती.

तार मी स्वतः तोडली. विलासनं आकड्यानं नागाला दाबून धरलं आणि मादीला उचलून पिलांत ठेवलं. ती लगेच त्यांना घेऊन पडली, जशी कुठं गेलीच नव्हती. मग नाग पोत्यात आणि मादी-पिलं टोपलीत काढून मी पेटी आणि खोकं दोन्ही उलटी केली, फळ्या ठोकून बघितल्या, जाळीत करंगळी घालून बघितली. कुठं फट नाही. समजा एका खोक्यातून निघाली... तरी दुसऱ्यात शिरली कशी? आणि नाग तिला शिवला का नाही?

विलास शालनकडे वळला. म्हणाला, "वैनी, माजं चुकलं. लय वंगाळ बोललो. जीभ झडंल माजी." आणि त्यानं तिचे पाय धरले. ती रडली, त्यालाही रडू आलं. मला हायसं वाटलं, म्हटलं घर वाचलं.

तेवढ्यात डोळे पुसत विलासनं विचारलं, "दादा, पक्कड कुटं हुती रातच्याला?"

"माझ्या उशाखाली."

"आणि किल्ल्या?"

"बंडीत..."

शालन हळूच म्हणाली, "तुमी एकदा उठला हुता. मी जागीच हुते."

उठलो होतो. मोरीत जाऊन आलो, बास! पण ते दोघं एकमेकांकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी दोघं एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला मी एकटा. पक्कड माझी, छाप माझा, किल्ल्या माझ्या. नाक्यावर असा माल सापडला असता तर मी तरी दुसऱ्या कुणाला धरलं असतं? शपथा घेतल्या, चिडलो, ओरडलो. कुणी उलट बोललं नाही, तेच वाईट.

त्याच आठवड्यात विलासनं तिन्ही साप नदीकडे सोडले, उंदीर मित्राला परत केले. तो पुढं इस्लामपूरला गेला. रागानं नाही, लग्न झालं म्हणून. शालन त्याच्यासाठी अजून उपवास धरते, तो साडी घेऊन येतो. दीर-भावजयीचं एवढं गूळपीठ तुम्हाला कुठं बघायला मिळायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही.

त्या विषयावर ती माझ्याशी फक्त एकदा बोलली, रिटायर झालो त्या वर्षी. दुपारी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कायबी मनात असतं तर तोंडानं बोलायचं हुतं की वो. लेकुरवाळ्याच कशाला मारायच्या?"

'मी नाही' म्हणालो. तिनं मान हलवली आणि शेंगा फोडत राहिली.

वाचकांपैकी कुणी विचारेल, मग ते होतं तरी काय? मला माहीत नाही. माहीत असतं, तर इथं लिहीत बसलो नसतो... आधी तिला सांगितलं असतं.