हिरवी वायर कुठे जाते

सगळे त्याला टेस्टर म्हणत. वस्तीत वायरमन बरेच होते, पण बोर्ड उघडून बोटाची पाठ तारेला टेकवणारा आणि “हं, आहे” असं म्हणून चहाच्या कपाकडे वळणारा तो एकटाच. करंट बघायचा पेचकस खिशात असे, पण तो बहुतेक वेळा पाठ खाजवायला कामी येई. पंचवीस वर्षांत त्याने निम्म्या वस्तीची घरं उजळली होती. एकाही घरात कुणी दगावलं नाही, हे तो कुणी विचारलं नसतानाही सांगे.

त्याचे नियम त्याचेच. सॉकेट किती उंचीवर बसवायचं? त्याच्या कमरेइतक्या. वायर कुठल्या रंगाची? पिशवीत असेल त्या. गिझरला जाड वायर लागते असं एखादं गिऱ्हाईक कुठूनतरी ऐकून आलं, तर तो म्हणे, “तापायचंय पाण्याला, वायरीला नाही.” गिऱ्हाईक गप्प बसे. वायर मात्र तापे.

त्याच्या स्वतःच्या घरात फ्रिज उघडायचा तो रबरी चप्पल घालून. वॉशिंग मशीनला हात लावायचा तो कोरड्या फडक्याने. बाथरूमचा दिवा अंघोळ करणाऱ्याने बंद करायचा नाही, घरातल्या सगळ्यात वाळलेल्या माणसाने करायचा. बायकोच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की आलेल्या पाहुण्याला ती पाण्याच्या आधी चप्पल देई. बारीक मुंग्या येतात, त्याला शॉक म्हणत नाहीत, असं टेस्टरने तिला लग्नानंतर लगेचच समजावलं होतं. कुंभाराच्या घरी फुटकं मडकं असतं तसंच हे, पण मडकं चावत नाही.

अडचण आणली ती मुलीने. ती दोन तासांच्या अंतरावर राहायची. या घरात वाढल्यामुळे तिला मुंग्यांची सवय होती, पण तिला मुलगी झाली आणि ती मुलगी रांगायला लागली, तेव्हापासून ती कुठल्याही घरात शिरली की आधी जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काय काय आहे ते बघे. माहेरी सुट्टीला यायचं ठरलं, सामानाची यादी झाली, आणि तिने फोनवर सांगून टाकलं की घराच्या वायरिंगचा परवानाधारक माणसाकडून दाखला मिळेपर्यंत ती बाळाला घेऊन येणार नाही.

टेस्टरला हे फार लागलं. पंचवीस वर्षांत कुणी तक्रार केलेली नाही, असं त्याने सुनावलं.

“मेलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत, बाबा,” मुलगी म्हणाली.

दोन दिवस त्याने चहालाही नावं ठेवली. नात आठ महिन्यांची झाली होती आणि तो तिला दोनदाच भेटला होता, तेही मुलीच्या घरी, सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखा बसून. तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली. परवाना आपणच काढायचा आणि आपल्या घराला आपणच दाखला द्यायचा. परीक्षा काय, हातचा मळ. बायकोने नुसतं “बरं” म्हटलं. तिच्या ‘बरं’मध्ये काय काय असतं हे तो एव्हाना ओळखून होता.

संध्याकाळचा वर्ग तांत्रिक शाळेत भरे. बाकं पोरांच्या मापाची, त्यामुळे टेस्टरचे गुडघे सारखे बाकाला लागत. सुरक्षेच्या नियमांचं पुस्तक दोनशे पानांचं होतं आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक पान त्याच्याच एखाद्या कामावर उठलं होतं. नळाजवळ सॉकेट नको. एकाच वायरीवर गिझर आणि इस्त्री नको. भिंतीच्या आत उघडा जोड नको. अमुक करू नये असं वाचलं की त्याला ते केलेलं घर, त्या घरातली माणसं आणि तिथे मिळालेला चहासुद्धा आठवे.

शिकवायला होत्या त्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की घरात हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कशासाठी असते. पोरांनी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. मॅडम टेस्टरकडे वळल्या.

“काका, तुम्ही इतकी वर्षं ती टाकताय. कशासाठी?”

“इन्स्पेक्टरला दाखवायला,” टेस्टर म्हणाला.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “आणि ती पुढे कुठे जाते?”

हिरवी वायर टेस्टरच्या कामात कुठेच जात नसे. सॉकेटमधून ऐटीत निघे आणि वीतभर अंतरावर प्लास्टरमध्ये संपे. जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत तिला नेण्याचा खटाटोप कोण करणार? पण इन्स्पेक्टर दिवा घेऊन येई, फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये तो लावून बघे, आणि दिवा पेटला तरच सही करे. म्हणून कारागिरांनी तोड काढली होती. सॉकेटच्या मागे बोटभर तारेचा तुकडा टाकायचा आणि अर्थिंगची पिन न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडून द्यायची. दिवा झकास पेटे. इन्स्पेक्टर खूश, मालक खूश. पुढे कधी रस्त्यावरची न्यूट्रल तुटली, तर त्याच तुकड्यातून फ्रिजच्या पत्र्यात पुरा करंट उतरतो, हे मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा टेस्टरच्या डोळ्यांसमोर फ्रिज नव्हता. फ्रिजला धरून उभं राहायला शिकणारं कुणीतरी होतं.

त्या दिवसापासून तो अभ्यासाला लागला. चष्म्याचा नंबर वाढला. बायको भाजी चिरताना त्याला प्रश्न विचारे आणि चुकला की सुरीने पान दाखवे. परीक्षेत तो पहिल्या पाचांत आला. परवाना मिळाला आणि त्यासोबत एक नियमही कळला, जो पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर होता: स्वतःच्या घराला स्वतः दाखला देता येत नाही. बायको त्या दिवशी खूप हसली. मग मॅडमनाच विनंती केली. त्या शनिवारी तपासायला येणार होत्या, मुलगी रविवारी.

टेस्टरने कंबर कसली. मागच्या बाजूला खड्डा खणून पत्रा पुरला. तिथून खरीखुरी हिरवी वायर खोल्याखोल्यांतून फिरवली. तेरा बोर्ड उघडले, तेराही ठिकाणचे तुकडे काढून एका वाटीत टाकले. काही तुकडे इतके सुबक वळवलेले होते की ते टाकवेनात. शेवटी मीटरजवळ आरसीसीबी बसवली. करंट चोरवाटेने गळायला लागला की ती घराची वीज क्षणात तोडते. शुक्रवारी दुपारी त्याने खटका वर केला. पंखा लावला. खट. सगळं बंद. पुन्हा वर केला, नुसता एक दिवा लावला. खट.

त्याने आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग कारखान्याला, मग पुस्तकाला. बरोबरीचा एक जुना वायरमन, ज्याला सगळे भाऊ म्हणत, सहज डोकावला आणि मान हलवून म्हणाला की ही यंत्रं अशीच नाजूक, नव्या सुनेसारखी. मग आवाज खाली आणून त्याने उपाय सांगितला. “आतून वायरीचा वळसा घालून दे, करंट यंत्राला टाळून जाईल. दिसायला बसलीय ना? झालं तर. बाई काय आत डोकं घालून बघणार आहे?”

टेस्टरने वायरचा तुकडा कापलासुद्धा. हात पंचवीस वर्षांचे, त्यांना विचारावं लागत नाही. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी सामान भरत होती. मागून नातीचा आवाज येत होता. हल्ली तिला भोक दिसलं की बोट घालायचं असतं, कानात, बाटलीत, कुणाच्या नाकात, असं मुलगी सांगत होती. मग ती थांबली.

“बाबा, दाखला राहू दे. तुम्ही सांगा. तिला तिथे जमिनीवर सोडू ना?”

भाऊ खुणेने ‘हो म्हण’ सांगत होता. टेस्टरने फोन दुसऱ्या कानाला लावला. “उद्या सांगतो,” तो म्हणाला. हातातला तुकडा त्याने भाऊला देऊन टाकला आणि घरी जायला सांगितलं.

कुठेतरी एक तुकडा राहिला होता आणि त्यातून करंट हिरव्या वायरीत गळत होता, तेच यंत्र सांगत होतं. त्याने एकेका खोलीच्या वायरी सोडवून बघितल्या. निजायची खोली तोडली की खटका वर राही, जोडली की पडे. पण तिथले दोन्ही बोर्ड तर उघडून झाले होते. तो डोकं धरून पलंगावर बसला. बायको दारात उभी होती.

“अहो, कपाटामागचं?”

“कपाटामागे काय आहे?”

“तुम्हीच तर लावलंत. पुढे-मागे उपयोगी पडेल म्हणून. मग कपाट आलं.”

दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागे, कोळ्याच्या जाळ्यात, चौदावं सॉकेट होतं, कोरं, आजवर एकदाही न वापरलेलं. एवढ्या एकाचीच हिरवी वायर त्याने शेजारच्या बोर्डापर्यंत नेली होती, आणि तिथे ती नव्या वायरीला जोडली गेली होती. आत तुकडा होता, त्यावर टेपचे तीन वेढे. सगळ्या कामात हेच सगळ्यात नेटकं. त्याने तो काढला. खटका वर गेला आणि वरच राहिला.

शनिवारी मॅडमनी तीन तास घर तपासलं. कपाटामागेही डोकं घातलं. दाखल्यावर सही केली आणि जाताना विचारलं, “काका, असे तुकडे आणखी किती घरांत आहेत?”

टेस्टरने वस्तीकडे बघितलं. दिवेलागणीची वेळ होती. एकेक खिडकी पेटत होती.

रविवारी मुलगी आली तेव्हा घरात फक्त आई होती. दाखला भिंतीवर चिकटवलेला होता. मुलीने तो दोनदा वाचला आणि बाबा कुठेत म्हणून विचारलं. आईने शेजारचं दार दाखवलं.

शेजारीण कमरेवर हात ठेवून टेस्टरच्या डोक्यावर उभी होती. सतरा वर्षं सगळं नीट चाललंय, तुम्हीच तर केलंत, आता काय बिघडलं, आणि काम तुमचंच वाईट होतं तर आधी का नाही बोललात, असा तिचा मारा चालला होता. टेस्टर जमिनीवर पोटावर झोपून तिच्या फ्रिजमागच्या सॉकेटचे स्क्रू काढत होता आणि प्रत्येक प्रश्नाला “बरोबर आहे, वहिनी” एवढंच म्हणत होता.

मुलगी बाळाला कडेवर घेऊन उंबरठ्यात थांबली. खालची जमीन बघून बाळ कडेवरून उतरायला धडपडत होतं.

“ठेवू का हिला?” मुलीने विचारलं.

टेस्टरने मान वळवली. नातीने त्याला ओळखलं नाही, पण त्याच्या हातातला पेचकस तिला आवडला.

“इथे नको,” तो म्हणाला. “इथलं काम मी केलंय.”