झाडातली अकीकी

माझे यजमान रुबोंगोया आणि त्यांचा मित्र क्योम्या जंगलात लाकडं कापायचे. खड्ड्यावर ओंडका ठेवून करवतीचं वरचं टोक एकाने धरायचं, खालचं दुसऱ्याने. आता दोघेही नाहीत. करवतीचा तो आवाज मात्र अजून कानात आहे.

२ ऑक्टोबर १९६३, बुधवार. जेवणाचा डबा घेऊन मी गेले तेव्हा दोघांचं भांडण चाललं होतं. चर्चच्या दारांसाठी नेमून दिलेल्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, फक्त एक फट. नर घशातून उंबरं काढून एकेक आत देत होता.

"नवऱ्याने कोंडलीय बिचारीला. झाड पाडू, सुटेल तरी!" क्योम्या म्हणाला.

"तिनेच आतून लिंपून घेतलंय. तो नुसता चिखल पुरवत होता, मी पाहिलंय. झाड पडलं तर ती मरेल, पोरही मरेल."

"आणि नाही पडलं तर आपलं काम जाईल, अराली!"

अराली हे यजमानांचं एम्पाको, म्हणजे लाडकं नाव. आमच्या टोरो मुलखात ते विचारल्याशिवाय नमस्कार होत नाही, आणि एकदा त्या नावाने हाक मारली की ते माणूस घरचं झालं.

क्योम्याने कुऱ्हाड उचलली.

"दुसऱ्याच्या दारात उभा आहेस, अचाली. एम्पाको तरी विचार," यजमानांनीही त्याला लाडक्या नावाने अडवलं.

क्योम्या हसला. मान वर करून ओरडला, "बाई, एम्पाको काय तुमचं?"

"अकीकी!" यजमान बारीक आवाजात म्हणाले.

"बऱ्या आहात ना, अकीकी?" तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. कुऱ्हाड हळूच खाली ठेवली.

"लबाडा, फसवलंस मला!"

चर्चचं काम दुसऱ्यांकडे गेलं. तो हंगाम दोघांनी लांबच्या डोंगरातली बारीक झाडं कापून काढला. पण रोज सकाळी वाट वाकडी करून क्योम्याच अकीकीच्या झाडाखाली जायचा. एकदा दुपारपर्यंत नर आला नाही, तर क्योम्याने डब्यातल्या नाचणीच्या गोळ्याला हात लावला नाही.

११ जानेवारीला तो धापा टाकत अंगणात आला आणि मला म्हणाला,

"अब्वोली, अगं, अकीकीने भिंत फोडली! पोर पण बाहेर आलं. निरोपसुद्धा घेतला नाही बयेने!"

मी यजमानांना हाक मारायला वळले. ते अनवाणीच जंगलाकडे धावत सुटले होते.