नऊशेची वाढ, पंचावन्नची घट

सन २०२५. नोव्हेंबर संपत आला होता. कार्तिक सरला होता, सकाळी अंगावर शाल लागत होती आणि रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात होत्या. त्या आठवड्यात आमचा पगार वाढला.

आमची लाँड्री सावंगीच्या रस्त्याला आहे. दवाखान्यांच्या चादरी धुतो. एक ढीग संपत नाही तोच दुसरा येऊन पडतो. पगारवाढीचे किस्सेही तसेच साचले. चार सांगून टाकतो, म्हणजे जागा होईल.

मी चौथी शिकलेला. तीस वर्षं गिरणीत काढली. गिरणी बंद पडली, तेव्हा इथं मशीनवर लागलो. जुनी नोकरी इथं कोणी धरत नाही, म्हणून पगार नव्या पोराएवढाच. वयाचा मान तेवढा आहे. सगळे मामाजी म्हणतात.

* * *

ऑफिसातल्या निखिलबाबूनं सांगितलं, "चौदा हजाराचे चौदा हजार नऊशे झाले!"

आमच्याकडे रीत आहे. पगार वाढला की सर्वांत वयस्करानं पार्टी द्यायची, आणि जेवढी वाढ तेवढ्याची द्यायची. पगार हातात येण्याची वाट कोणी पाहत नाही.

बारा जण समोरच्या हॉटेलात गेलो. तर्री-पोहे, समोसे, वर चहा. बिल बरोबर नऊशे. माझ्या खिशात दोनशे होते. हॉटेलवाला ओळखीचा, पगारावर देऊ, असा माझा अंदाज होता. पण भिंतीवर नवीन पाटी लागली होती. उधार बंद.

मी पाटी वाचत होतो, तेवढ्यात गल्ल्यावरचा डबा मोठ्यानं बोलला, "नऊ सौ रुपये प्राप्त हुए!"

माझ्या बाजूच्या मशीनवरचा दिलीप ओरडला, "वा मामाजी! तुमी बी मोबाइलवरून पैसे देता काय!"

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात माझा बटणांचा फोन होता. मागे संगीता आपला मोबाइल पदरात लपवत होती.

* * *

संगीता चादरींच्या घड्या घालते. नवरा नाही. मुलगी नर्सिंगला आहे. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "सात तारखेले पगार झाला की वाढीतून देतो."

ती म्हणाली, "घाई नाई मामाजी. पण दहा जानेवारीच्या आत द्याजा. पोरीचा परीक्षेचा फॉर्म भराचा हाय, त्याचेच होते. ते नाई भरले तर पोरीचं वर्ष जाईन."

मी आयुष्यात कोणाचं देणं ठेवलेलं नाही. बाईमाणसाचं तर नाहीच.

* * *

सात डिसेंबरला पगाराची चिठ्ठी आली. आधी हातात बारा हजार आठशे पंचावन्न पडत होते. आता बारा हजार आठशे!

प्रफुल्ल चादरी वाळवतो. तो म्हणाला, "मामाजी, वाढ झाली का दंड?"

सगळे ऑफिसात गेलो. निखिलबाबूनं समजावलं. आधी मूळ पगार सात हजार दाखवत, बाकीचे भत्ते. पीएफ सात हजारांवर कापत. आता सगळाच मूळ पगार झाला, म्हणून पीएफ चौदा हजार नऊशेवर. नऊशे वाढले आणि पीएफ-विमा मिळून नऊशे पंचावन्न जास्त कटले.

"पण ते पैसे तुमचेच," बाबू म्हणाला. "तुमच्या नावावर जमा होऊन राह्यले. मालकालेही तेवढेच टाका लागते."

दिलीप म्हणाला, "मंग मालकाच्याही घरी आता समोसे बंद काय?"

* * *

दुसऱ्या दिवशी नागपूरचे साहेब आले. पोरांनी मला पुढे केलं.

मी म्हटलं, "साहेब, वाढ वापस घ्या."

साहेबांनी चष्मा काढला. "काय?"

"वाढ वापस घ्या. आमी जुन्याच पगारात खुश होतो."

साहेब बराच वेळ हसले. मग म्हणाले, "मामाजी, पगार वाढवून द्या म्हणून अर्ज येतात, ते ठेवायला फाइल आहे. तुमचा अर्ज कुठे ठेवू?"

* * *

दिलीपची वेगळीच अडचण. पगार वाढला तर गिरडच्या दर्ग्याची टेकडी अनवाणी चढीन, असं तो बोलून बसला होता. आता विचारत होता, "मामाजी, वाढला म्हनू का नाई म्हनू?"

मी म्हटलं, "कागदावर वाढला. तू चढ."

सुटीच्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी लंगडत आला.

"चढला का?"

"पुरी टेकडी चढलो. पण उतरताना पंचावन्न पायऱ्या सोडून बाजूच्या पायवाटेनं आलो. तेवढ्या मीबी कापल्या!"

* * *

प्रफुल्लला अल्लीपूरची मुलगी सांगून आली होती. मोठा माणूस म्हणून मला सोबत नेलं. मुलीच्या बापानं पगार विचारला. प्रफुल्ल ऐटीत म्हणाला, "पंधरा हजार."

"हातात?"

प्रफुल्ल माझ्याकडे पाहू लागला. मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "बारा हजार आठशे. वाढ झाल्यावर."

"वाढ झाल्यावर? अन् आधी?"

"पंचावन्न जास्त."

दाराआडून मुलगी म्हणाली, "बाबा, हो म्हना. कटते तेच बरं. याच्या हातात राह्यले असते तर समोशात गेले असते!"

समोशांची बातमी अल्लीपूरपर्यंत कशी पोचली, कोण जाणे. लग्न वैशाखात आहे.

* * *

आता माझं घर. पगार मी सगळा बायकोच्या हातात देतो. चाळीस वर्षं तेच. त्यातून ती मला रोज तीस रुपये देते, दहाच्या तीन नोटा. माझ्या एका खर्र्याचे. दुपारी जेवलो की सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकल्याशिवाय माझा हात मशीनला लागत नाही, हे सगळ्या लाँड्रीला माहीत आहे.

वाढीचं मी तिला सांगितलं नव्हतं. जुना आकडा तिला द्यायचा, वरचे नऊशे संगीताला, असं ठरवलं होतं. पण गल्लीत बातमी गेली होती.

तिनं पैसे दोनदा मोजले. "पगार वाढला म्हन्ते ना सगळे?"

"वाढला."

"मंग पंचावन्न कमी काऊन?"

"वाढला म्हनून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मले येडी समजता काय?"

चाळीस वर्षांत तिनं पहिल्यांदा हिशोब मागितला.

* * *

आठ डिसेंबरपासून मी दुपारी जेवण झालं की सरळ मशीनवर जाऊ लागलो.

पहिल्या आठवड्यात दिलीप म्हणाला, "मामाजी, तोंड रिकामं दिसते."

"दात दुखते."

दुसऱ्या आठवड्यात पानठेल्यावाला स्वतः गेटपाशी आला. "मामाजी, माहा खर्रा बिघडला काय?"

"दात दुखते."

तिसऱ्या आठवड्यात संगीतानं रुमालात बांधून लवंगा आणल्या. "दाढेखाली धरा मामाजी, आराम पडते."

मी लवंग दाढेखाली धरली. धरावीच लागली.

ती जवळच उभी होती. हळूच म्हणाली, "फॉर्मचं मी पाहीन कुठून तरी. तुमी मनाले लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "दहा तारीख झाली काय?"

"नाई."

"मंग घड्या घाल."

सात जानेवारीला सकाळी तिच्या टेबलावर उशीची एक खोळ ठेवली. धुतलेली, इस्त्री केलेली. तिनं उचलली, जड लागली म्हणून उघडली. आत दहाच्या नोटा होत्या.

तिनं मोजल्या. नव्वद भरल्या.

माझ्याकडे पाहिलं. पुन्हा नोटांकडे पाहिलं.

"बरोबर हाय," म्हणाली.

मी मशीन सुरू केलं.