पाचव्या मजल्याचा कॉल

खिचडीची रांग निम्मी सरली होती आणि खिशातला फोन तिसऱ्यांदा वाजला. पळी तशीच हातात धरून मी दुसऱ्या हाताने उचलला.

"भाऊ, लिफ्ट बंद आहे ओ." आमच्या बिल्डिंगमधल्या पाचव्या मजल्यावरच्या कांबळेकाकू. "यांचं अकराचं डायलिसिस आहे. रिक्षा खाली येऊन थांबलीय."

मी लिफ्ट मेकॅनिक. बावीस वर्षं झाली. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या बऱ्याच बिल्डिंगी माझ्याकडे आहेत. पण चिखलोलीत मी स्वतः जिथे राहतो, तिथल्या लिफ्टचं काँट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीचं. दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम.

"काकू, लिफ्टमध्ये त्या कंपनीचा नंबर असतो, तिथे फोन करा."

"केला ना. दोन तासांत माणूस पाठवतो म्हणाले."

"मग येईल," म्हणालो आणि फोन ठेवला. आज लिहितानाही याची लाज वाटते.

कारण मी त्या वेळी सेवा करत होतो. आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी एक कागद लावलाय. शेजाऱ्यासाठी आठवड्यातले दोन तास कोण देणार, नाव आणि वेळ लिहा. मंडळी सगळी नोकरीवाली, दमलेली. लिहून ठेवल्याशिवाय वेळ निघतच नाही. मी लिहिलं होतं : शनिवार, दहा ते बारा. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटायची. ती खिचडी माझी बायको रूथ आमच्या घरीच, चौथ्या मजल्यावर शिजवते. वर्षभरात एक शनिवार चुकवला नव्हता आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

शेजारी पाळकसाहेब डिश लावत होते. "कोणाचा फोन?"

मी सांगितलं.

"पेशंट पाचव्या मजल्यावर अडकलाय, आणि तू लिफ्टवाला?"

"साहेब, काँट्रॅक्ट आपलं नाही."

"खिचडीचं तरी कुठे आहे?" एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली.

पाळकसाहेबांची बाइक घेऊन घरी पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. कांबळेकाका तिसऱ्या मजल्यावर जिन्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन मजले कसेबसे उतरले होते, पुढे जमेना. त्यांच्या किडन्या काम करत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करतात. एक पाळी चुकली तरी अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. पाय सुजले होते. काकू पदराने वारा घालत होत्या.

"जय भीम, सॅम्युअल," काका म्हणाले. तीन शब्दांत दोनदा थांबले.

लिफ्टचं असं असतं : प्रत्येक मजल्याच्या दाराला आत एक लॉक असतं. सगळी लॉकं नीट लागली तरच लिफ्ट हलते. दिवाळीतल्या लाइटच्या माळेत एक बल्ब ढिला झाला की अख्खी माळ विझते, तसंच. म्हणून बंद लिफ्टची पहिली तपासणी दारांची. मी वरून सुरुवात केली. पाचवा ठीक. चौथा ठीक. एकेक दार ओढून बघत खाली आलो.

तळमजल्याचं दार बंद दिसत होतं. सगळ्यांनी तेच पाहिलं असणार. ओढलं तर उघडलं. खालच्या कडेला लाल चौकटीचं एक फडकं अडकलं होतं.

फडकं आमच्या घरचं. गरम पातेलं धरायला रूथने दिलेलं. सकाळी दोन्ही हातांत पातेलं, बाहेर रिक्षा, उशीर झालेला. मी लिफ्टचं दार टाचेने ढकललं होतं. लोकांना मी बावीस वर्षं सांगतोय, दार पायाने लावू नका.

फडकं काढलं. लॉकचा खटका वाजला. काम दोन मिनिटांचं.

काकांना खाली आणलं आणि फडकं दाखवून खरं ते सांगून टाकलं. वॉचमनही ऐकत होता.

"लोकांना पुरली का खिचडी?" काकांनी विचारलं. टोमणा नव्हता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मीही रिक्षातून बरोबर गेलो. डायलिसिस सेंटरवर त्यांची मशीन दुसऱ्याला दिली होती. दुपारच्या पाळीत जागा झाली, तीही चार तासांऐवजी तीनच. तोवर काका बाकावर पुढे वाकून श्वास घेत होते आणि मी शेजारी बसून होतो. संध्याकाळी स्वतःच्या पायांनी लिफ्टमध्ये चढले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आमच्याकडे दोन प्रकारचे कॉल असतात. एक सर्व्हिस, तारीख ठरवून. दुसरा ब्रेकडाउन, तो कधीही येतो. ब्रेकडाउन आला की सर्व्हिस सोडून पळायचं, हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मीही कितीतरी जणांना शिकवलंय. शेजारी मात्र मी सर्व्हिसच्या यादीत टाकून ठेवले होते.

चर्चच्या कागदावर माझी वेळ अजून तीच आहे. फक्त शनिवारी निघण्याआधी मी पाचव्या मजल्यावर जाऊन विचारतो, आज कितीची पाळी. मग पातेलं घेऊन खाली येतो, ते जमिनीवर ठेवतो आणि दार हाताने लावतो.