आईचा गुडघा आणि माझं तंबाखूविरोधी पत्रक

माझ्या आईने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, तरीही निकोटिनपायी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं.

आम्ही चिखलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. गुडघ्याने संप पुकारल्यापासून आई फक्त दवाखान्यासाठी खाली उतरायची. किराणा ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढायची. नवा गुडघा बसवून स्वतःच्या पायांनी मंडईत जायचं, एवढाच तिचा ध्यास. ("तुझे पप्पा किडकी वांगी आणतात!")

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "रक्तात निकोटिन आहे. अशानं जखम लवकर भरत नाही, आत जंतुसंसर्ग होऊ शकतो. मावशी, ओढता का काही?"

"शी बाई! मी कशाला ओढू?"

"घरात कुणी ओढतं?"

पप्पांनी गरिबासारखा हात वर केला.

"नुसत्या घरातल्या धुराने एवढं येत नाही, पण..."

'पण'च्या पुढचं मी ऐकलंच नाही! मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. शत्रू सापडल्यावर ऐकत बसायची मला सवय नाही. 'बापाची बिडी, आईचा गुडघा!' असं पत्रक छापलं, खाली ठसठशीत माझं नाव, आणि गठ्ठा तळमजल्यावरच्या किराणावाल्या रमेशभाऊंकडे आपटला. "घराघरात पोचलं पाहिजे!"

पप्पा चाकणहून शिफ्ट संपवून आले की मी दारातच त्यांचा शर्ट हुंगायचे.

"अगं, कंपनीच्या गेटवर पण एवढी झडती घेत नाहीत!"

पण बायकोच्या गुडघ्यासाठी त्यांनी बिडी खरंच सोडली. पुढचा रिपोर्ट आला. निकोटिन आधीपेक्षा जास्त!

"पप्पा!"

"आईशप्पथ नाही ओढली!"

"मग आलं कुठून?"

आई रडकुंडीला आली. मी पप्पांना पुन्हा हुंगलं. नुसता साबण! आता उरली फक्त भांडवलशाही. पप्पांच्या कंपनीच्या चिमणीविरुद्ध मी पत्रक लिहायला घेतलं.

"आम्ही गाड्यांच्या सीटा शिवतो गं," पप्पा म्हणाले. "चिमणीच नाहीये."

तिसऱ्या खेपेला आम्ही डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलो होतो. आईने पर्समधून पुडी काढली, काळी भुकटी बोटावर घेतली आणि दातांवरून फिरवायला लागली. तेवढ्यात दार उघडलं.

"मावशी, हे काय?"

"मिश्री. टेन्शन आलं की दात घासते."

"आणि सध्या टेन्शन किती?"

"लई!"

"अहो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की!"

"तुम्ही ओढता का विचारलं," आई फणकारली. "घासता का, कुठं विचारलं?"

डॉक्टरांनी पुडीचा कागद सरळ केला आणि मोठ्याने वाचलं, "बापाची बिडी, आईचा गुडघा!" मग खालचं नावही वाचलं. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला मेमो मिळाल्यासारखं वाटलं.

आईने मिश्री सोडली, ऑपरेशन झालं. आता मंडईत ती माझ्यापुढे चालते आणि वांगी उलटीपालटी करून भांडते. मी मात्र तावातावाने दुकानात गेले.

"रमेशभाऊ, माझ्या पत्रकात मिश्री बांधता?"

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, घराघरात पोचलं पाहिजे? पोचवलं! फक्त पुढच्या खेपेला मागची बाजू कोरी ठेवा. तुमची शाई मिश्रीला लागते, बायका तक्रार करतात."